समुद्राबद्दलचे मत बदलणारी लेखिका

रॅचेल कार्सन म्हटले की डीडीटी आणि ‘सायलेंट स्प्रिंग’ आठवते. बाई मात्र मूळच्या समुद्राच्या अभ्यासक. गंमत म्हणजे १९०७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, किनाऱ्यापासून दूर जन्मलेल्या कार्सन यांनी समुद्र प्रथम पाहिला तो १९२९ मध्ये. पुढे सरकारी मत्स्यखात्यात नोकरी, फावल्या वेळात लेखन. १९५१ च्या ‘द सी अराउंड अस’ने त्या घरोघरी पोहोचल्या. जमिनीची नासाडी करणारा माणूस अथांग समुद्राचे काही बिघडवू शकणार नाही, अशी तेव्हा त्यांची खात्री होती.

दहा वर्षांत ती उरली नाही. अणुकचरा पिंपांत भरून समुद्रात टाकला जात होता. त्यातली किरणोत्सारी द्रव्ये सूक्ष्म प्लवकांच्या शरीरात साठतात, प्लवक खाणाऱ्या माशांत जातात, आणि मासे हिंडतील तिकडे पसरतात. पिंप बुडवले म्हणजे प्रश्न बुडाला असे होत नाही. १९६१ च्या आवृत्तीसाठी नवी प्रस्तावना लिहून त्यांनी आपला जुना समज भाबडा ठरवला. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाला अशी दुरुस्ती जोडणारे लेखक थोडेच!

१९६० मध्येच त्यांच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली होती. कर्करोग असल्याचे डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितले नाही. ते कळेपर्यंत वर्ष संपत आले होते. एप्रिल १९६४ मध्ये, छपन्नाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या रक्षेचा काही भाग मेनच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडण्यात आला.