कलामहर्षि बाबुराव पेंटर

मूकपटांच्या काळीं अमेरिकेंत रिनटिनटिन नांवाच्या एका कुत्र्यानें मोठमोठ्या नटांइतकी कीर्ति मिळविली होती. १९१८ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर एका अमेरिकन सैनिकास तें पिलूं सांपडलें आणि पांचच वर्षांत त्याचे साहसपट पाहावयास लोकांची रीघ लागूं लागली. त्याच सुमारास आपल्या कोल्हापुरांतील एका चित्रपटांतहि एक कुत्रें आलें. त्यानें कड्यावरून उडी घेतली नाहीं कीं कोणाचे प्राण वांचविले नाहींत; तरी तें पाहणाऱ्यांच्या मनांत घर करून राहिलें. तें पडद्यावर आणणाऱ्या थोर कलावंताचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

बाबुराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजीं कोल्हापुरांत झाला. मूळचें आडनांव मेस्त्री; घराणें कारागिरांचें. कलाशाळेची पायरी न चढतां ते चित्रकार व शिल्पकार झाले आणि आपले नातलग बंधु आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगवूं लागले. दादासाहेब फाळके यांचे चित्रपट पाहून दोघांनींहि आपला चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परंतु १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबुराव खचले नाहींत. शिष्य दामले यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९१८ सालीं कॅमेरा स्वतः घडविला.

१९२० सालीं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' झळकला व लोकमान्य टिळकांनीं त्यांचा गौरव केला. १९२३ च्या 'सिंहगड' ह्या साहसपटांत रात्रीच्या देखाव्यांसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाश वापरला.

असें यश हातीं असतां १९२५ सालीं त्यांनीं 'सावकारी पाश' काढला. खोट्या कागदपत्रांपायीं जमीन गमावून शहरांतील गिरणींत मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. पोटासाठीं गांव सोडून भिवंडीच्या यंत्रमागांवर आलेलीं कुटुंबें राहनाळच्या आमच्या वाचकांस परकीं नाहींत. ह्याच चित्रपटांत अंधुक उजेडांतील एक उदास झोंपडी व तेथें रडणारें कुत्रें दिसे. रात्रीं कुत्रें रडलें कीं घरांतील वडीलधारीं माणसें दचकतात, हें कोणास ठाऊक नाहीं? पट मुका होता. तरी तें रडणें ऐकूं आल्यावांचून राहत नसे. साहसपटांचे प्रसिद्ध निर्माते जे. बी. एच. वाडिया यांस तो देखावा अनेक वर्षांनंतरहि आठवत होता.

पौराणिक पटांइतका लोकाश्रय ह्या चित्रपटास लाभला नाहीं. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृति शिष्यांनीं वेगळें होऊन प्रभात कंपनी स्थापिली. तरी बाबुरावांनीं शेतकऱ्याची ती कथा सोडली नाहीं. १९३६ सालीं त्यांनीं तीच पुन्हा बोलपटांत आणली. १६ जानेवारी १९५४ रोजीं ते निवर्तले.

१९२५ चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. परंतु ज्यानें हातानें यंत्र घडविलें व त्या यंत्रानें गरिबाच्या दारचें दुःख जगापुढें मांडलें, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानीं ठेवावें.