चंद्राच्या शर्यतीतला अनामिक : सर्गेई कोरोलेव



२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. चांद्रयान-३ चे विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले आणि घराघरांतून टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने हात वर करून मला विचारले की, चारच दिवसांपूर्वी रशियाचे ल्यूना-२५ चंद्रावर आपटून फुटले ते कसे? ज्या देशाने चंद्रावर सर्वांत आधी वस्तू पोहोचवली, पहिला माणूस अंतराळात पाठवला, त्यालाच हे जमू नये? मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि पुस्तक उघडायला सांगितले. ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. खरे उत्तर द्यायचे तर एका माणसाचे आयुष्य सांगावे लागते. ते येथे सांगतो.

त्या माणसाचे नाव सर्गेई कोरोलेव. १२ जानेवारी १९०७ रोजी युक्रेनमधील झितोमीर गावी त्याचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. पण आईबापांचे पटले नाही आणि मूल तीन वर्षांचे असतानाच ती दोघे वेगळी झाली. सर्गेई आजी-आजोबांकडे वाढला. वडील वारले असेच त्याला सांगण्यात आले होते. आई दुसऱ्या शहरात शिकत होती. घरात भावंड नाही, खेळगडी नाहीत. असे मूल एकलकोंडे होते किंवा जिद्दी होते. हा दोन्ही झाला.

पुढे आईने एका इंजिनियरशी लग्न केले आणि कुटुंब ओडेसा या बंदराच्या शहरी आले. तो काळ क्रांतीचा व यादवीचा होता. शाळा बंद पडल्या, मुलाला घरीच शिकावे लागले. शाळा सुरू झाल्या तेव्हा त्याला प्रवेश मिळाला तो बांधकामाच्या धंदेशिक्षणाच्या शाळेत. १९२४ साली तेथून तो बाहेर पडला तो छपरावर कौले घालणारा कारागीर म्हणून. पालकहो, येथे क्षणभर थांबा. आपल्याकडे मुलगा आय.टी.आय.ला गेला की चारचौघांत सांगताना आवाज खाली येतो. चंद्रावर पहिले यान धाडणाऱ्या माणसाचे पहिले प्रमाणपत्र घर शाकारण्याचे होते. त्याच वर्षी, सतराव्या वर्षी, त्याने बिनइंजिनाच्या विमानाचा, म्हणजे ग्लायडरचा, आराखडा स्वतः तयार केला होता. हातांना काम करण्याची सवय होती म्हणून कागदावरची रेघ त्याला कधी नुसती रेघ वाटली नाही.

मग किएव्हची पॉलिटेक्निक आणि त्यानंतर मॉस्कोची प्रसिद्ध तंत्रशाळा. तेथे विमानांचे विख्यात रचनाकार आंद्रेई तुपोलेव हे त्याच्या पदवीच्या कामाचे मार्गदर्शक होते. १९३१ साली मॉस्कोत काही तरुण अग्निबाणाच्या ध्यासाने एकत्र आले. जागा मिळाली ती एका इमारतीच्या तळघरात. पैसा नव्हताच. त्यांच्या मंडळाच्या नावातील आद्याक्षरांवरून लोक थट्टेने म्हणत की, ही तर फुकट राबणाऱ्या इंजिनियरांची टोळी आहे. १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांचा पहिला बाण उडाला. तो आखला होता मिखाईल तिखोनरावोव यांनी आणि मंडळाचे प्रमुख होते कोरोलेव. बाण ४०० मीटर वर गेला. सारा खेळ १८ सेकंदांचा. तेथपासून चोवीस वर्षांनी हीच माणसे उपग्रह सोडणार होती.

परंतु मध्ये जे घडले ते वाचताना अंगावर काटा येतो. २७ जून १९३८ रोजी त्यांना घरातून पकडून नेण्यात आले. स्टालिनच्या राजवटीत तेव्हा हजारो निरपराध माणसे अशीच उचलली जात होती. आरोप देशद्रोही घातपाताचा. मारहाण करून कबुली घेण्यात आली आणि दहा वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी, नतालिया. त्यांना पाठवण्यात आले कोलिमा येथे, पूर्व सैबेरियाच्या गोठलेल्या टोकाला, सोन्याच्या खाणीवर. अन्न नाही, उबेचे कपडे नाहीत. रक्तपितीच्या रोगाने दात पडले. जबड्याची मोडतोड झाली ती जन्मभर राहिली. या जबड्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

त्यांना वाचवले ते आईच्या चिकाटीने. मारिया निकोलायेव्ना यांनी स्टालिनपासून सर्वांकडे अर्ज केले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, ग्रिझोदुबोवा आणि ग्रोमोव या नामवंत वैमानिकांना गाठून त्यांचा शब्द खर्ची घालायला लावले. खटला पुन्हा चालला. शिक्षा दहाची आठ वर्षे झाली, सुटका नाहीच. मात्र तुपोलेव स्वतःही कैदेत होते आणि त्यांच्याकडे कैदी इंजिनियरांचे एक विमान-कार्यालय होते. तेथे कोरोलेवना घेण्यात आले. कोलिमातून मिळालेली ही सुटकाच म्हणायची. १९४४ साली ते मोकळे झाले. पण कागदोपत्री निर्दोष ठरले ते १९५७ च्या एप्रिलमध्ये. हे वर्ष ध्यानात ठेवा.

युद्धानंतर जर्मनांचे व्ही-२ हे क्षेपणास्त्र अभ्यासण्यासाठी त्यांना जर्मनीत पाठवण्यात आले. परत येऊन त्यांनी आधी त्याचीच नक्कल केली, मग सुधारणा केल्या आणि अखेर स्वतःचा आर-७ हा प्रचंड अग्निबाण उभा केला. कझाकस्तानच्या माळरानावर तळ बांधण्यात आला. बाहेरच्या जगाला फसवण्यासाठी त्याला शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बैकोनूर या गावाचे नाव देण्यात आले. मे १९५७ मधले पहिले उड्डाण फसले. ऑगस्टमध्ये यश आले. आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ८३.६ किलो वजनाचा स्पुतनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. ज्या माणसाने तो सोडला तो सहाच महिन्यांपूर्वीपर्यंत सरकारदप्तरी गुन्हेगार होता!

पुढची दोन वर्षे चंद्राची. जानेवारी १९५९ मध्ये ल्यूना-१ चंद्रापासून सुमारे ६००० किलोमीटरवरून निघून गेले, नेम चुकला. सप्टेंबरात ल्यूना-२ चंद्रावर आदळले; माणसाच्या हातची पहिली वस्तू तेथे पोहोचली. ऑक्टोबरात ल्यूना-३ ने चंद्राच्या पलीकडल्या बाजूची छायाचित्रे पाठवली. विचार करा, सृष्टीच्या आरंभापासून जी बाजू माणसाने कधी पाहिली नव्हती ती त्या महिन्यात वर्तमानपत्रांत छापून आली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन. त्याच वर्षाच्या अखेरीस गागारीन भारतात आले, तेव्हा मुंबईकरांनीही त्यांना डोळे भरून पाहिले. पण गागारीनला पाठवणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोरोलेव यांचे नाव हे सरकारी गुपित होते. वर्तमानपत्रांत उल्लेख व्हायचा तो मुख्य रचनाकार असा. त्यांनी स्वतः लेख लिहिले तेही प्राध्यापक सर्गेयेव या टोपणनावाने. सत्काराच्या मिरवणुकीत त्यांना मानाची जागा नसे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. मे १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचे जाहीर केले. रशियात तसा ठराव झाला तो ऑगस्ट १९६४ मध्ये, तीन वर्षे उशिरा. तोही कसा? चंद्रावर उतरण्याचे काम कोरोलेवकडे आणि चंद्राला नुसता वळसा घालण्याचे काम चेलोमेई या दुसऱ्या रचनाकाराकडे, त्याच्या वेगळ्या बाणासह. एकाच घरात दोन चुली. पैसा अपुरा, तोही वाटून गेला.

त्यात जुने दुखणे उपटले. इंजिनांचे उत्कृष्ट रचनाकार होते वालेंतिन ग्लुश्को. आर-७ ची इंजिने त्यांचीच. चंद्रासाठीच्या एन-१ या महाबाणात कोरोलेवना हवे होते रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायू. ग्लुश्को म्हणत होते ती रसायने अतिशय विषारी. माणसे बसणाऱ्या बाणात ती नकोत, असा कोरोलेव यांचा आग्रह. मतभेद शास्त्रीय होता हे खरेच. परंतु १९३८ साली कोरोलेव यांच्याविरुद्ध ज्या जबान्या वापरल्या गेल्या त्यांत ग्लुश्कोंच्या नावाचीही होती. ग्लुश्को स्वतः तेव्हा कैदेत होते आणि जबान्या कशा घेतल्या जात ते वर आलेच आहे. दोघांनी नंतर अनेक वर्षे एकत्र काम केले; आत काय होते ते त्यांनाच माहीत. या वेळी मात्र दोघेही हटले नाहीत. देशातील सर्वांत अनुभवी इंजिनकार चंद्रमोहिमेतून बाजूला झाला.

मग कोरोलेव विमानांची इंजिने करणाऱ्या कुझनेत्सोव यांच्याकडे गेले. त्यांची इंजिने चांगली पण लहान. म्हणून पहिल्या टप्प्यात एकदम तीस बसवावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ मध्ये तेथे पाचच होती. आणि येथेच खरा घात झाला, असे मला वाटते. अमेरिकेने आपला पहिला टप्पा जमिनीला बांधून, पूर्ण पेटवून तपासला. रशियाने वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी तसा चौथराच बांधला नाही. इंजिनांच्या प्रत्येक तुकडीतील काही चालवून पाहायची आणि उरलेली न तपासता बसवायची. विद्यार्थी मित्रांनो, वहीतील दोन गणिते बरोबर आली म्हणून सारी वही बरोबर धरावी, तसे हे झाले.

कोरोलेव स्वतः घाईला बळी पडत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या आधी तीन माणसे एकदम पाठवायची म्हणून १९६४ मध्ये एका माणसासाठी बनवलेल्या यानात तिघांना अंतराळपोशाखाशिवाय बसवण्यात आले. तिघे सुखरूप परतले ही अल्लाची कृपा! वरून हुकूम होता हे मान्य; पण सही त्यांची होती. थोर माणसाच्या चरित्रातून अशी पाने फाडू नयेत.

१९६५ साल अपयशाचे गेले. चंद्रावर अलगद उतरण्यासाठी पाठवलेली ल्यूना-५, ६, ७ आणि ८ ही चारही याने फसली. तेव्हा काही शास्त्रज्ञांचे मत होते की, चंद्रावर धुळीचा जाड थर आहे आणि यान त्यात बुडेल. कोरोलेव यांनी जमीन टणक आहे असे धरून यान आखण्याचा निर्णय घेतला व त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

तो निर्णय बरोबर ठरलेला त्यांनी पाहिला नाही. जानेवारी १९६६ मध्ये आतड्याच्या एका शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात गेले. शस्त्रक्रिया खुद्द आरोग्यमंत्री पेत्रोव्स्की करत होते. पोट उघडल्यावर मोठी गाठ निघाली, रक्तस्राव थांबेना. हृदय आधीच दुबळे. श्वासाची नळी घालण्याची वेळ आली तर तोंड पुरेसे उघडेना. तो तुरुंगातला जबडा आडवा आला. १४ जानेवारीला ते गेले. दोनच दिवसांपूर्वी एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली होती. मृत्युलेखात त्यांचे नाव व छायाचित्र छापून आले तेव्हा जगाला प्रथमच समजले की, मुख्य रचनाकार तो हा. वीस दिवसांनी, ३ फेब्रुवारी १९६६ रोजी, ल्यूना-९ चंद्रावर अलगद उतरले. जमीन टणक होती.

अंतराळ मोहिमांच्या सरकारी आयोगाचे अध्यक्षपद त्यानंतर बाकूचे अझरबैजानी इंजिनियर करीम करीमोव यांच्याकडे आले आणि १९९१ पर्यंत राहिले. त्यांचेही नाव १९८७ पर्यंत गुप्तच होते. आपल्या मुलांना ते माहीत असावे म्हणून जाता जाता लिहिले.

एन-१ चार वेळा उडाला आणि चारही वेळा कोसळला. ३ जुलै १९६९ रोजी तो परत तळावरच पडला व तळ उद्ध्वस्त झाला. त्याच महिन्यात अमेरिकन माणसे चंद्रावर उतरली. १९७४ साली कोरोलेव यांच्या संस्थेची सूत्रे ग्लुश्कोंच्या हाती आली आणि त्यांनी एन-१ चे काम बंद केले. डिसेंबर १९७२ मधील अपोलो-१७ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ चंद्रावर माणूस उतरला नाही.

आता शर्यत पुन्हा सुरू झाली आहे आणि गडी पुष्कळ आहेत. ध्रुवाजवळच्या कायम सावलीतील विवरांत बर्फ आहे, तो हाती लागला तर पाणी मिळेल, प्राणवायू मिळेल, इंधन मिळेल, हे तिचे कारण. चीनच्या चांग-ए-६ ने जून २०२४ मध्ये पलीकडल्या बाजूची माती पृथ्वीवर आणली. त्याच यानाबरोबर पाकिस्तानचा एक छोटा उपग्रहही चंद्राकडे गेला होता. चीनने २०३० पूर्वी माणूस उतरवण्याचे जाहीर केले आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये आर्टेमिस-१ चंद्राभोवती फिरवून आणले. संयुक्त अरब अमिरातीची रशीद ही छोटी गाडी घेऊन गेलेले जपानी यान एप्रिल २०२३ मध्ये आपटले.

आणि ल्यूना-२५? त्याला उचलणारा सोयूझ बाण कोरोलेव यांच्या आर-७ च्याच घराण्यातला. १९८४ साली आपल्या राकेश शर्मांना नेणारा बाणही त्याच घराण्यातला. त्याने काम चोख केले. पुढे यानाचे इंजिन ८४ सेकंद चालायचे ते १२७ सेकंद चालले, कारण वेग मोजणारे उपकरण वेळेवर चालूच झाले नव्हते. ल्यूना-२४ ने १९७६ मध्ये चंद्रावरची माती आणली, त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे रशियाने चंद्रावर यान पाठवले नव्हते. ज्यांना हे काम हाताने येत होते ती पिढी निवृत्त झाली, गेली. आपल्या चांद्रयान-२ चे विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये पडले तेव्हा आपल्या लोकांनी काय काय बिघडू शकते याची यादी केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा मोठी धरली, क्रेन आणि हेलिकॉप्टरला टांगून चाचण्या घेतल्या. आणि चार वर्षांतच पुन्हा गेले.

कोलिमाला नेलेल्या कैद्याची ती तीन वर्षांची मुलगी, नतालिया, पुढे शल्यचिकित्सक झाली आणि तिने वडिलांचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. चंद्रावर कोरोलेव यांच्या नावाचे एक विशाल विवर आहे. ईदचा चंद्र पाहायला गच्चीवर चढाल तेव्हा ते तुम्हाला दिसणार नाही. ते पलीकडल्या बाजूला आहे.