धक्काबुक्कीला पर्याय शोधणारे डॉ. नेस्मिथ

मांजरी परिसरातील गृहसंकुलांत सायंकाळी मुलांचा बास्केटबॉल रंगात आला, की वादालाही तोंड फुटते. कोण कोणाला धडकले, आधी जागेवर कोण होते आणि फाउल नेमका कोणाचा? पंच नसेल, तर हा वाद सुटणे कठीणच. गंमत अशी, की अंगाला अंग भिडू नये याच हेतूने हा खेळ जन्माला आला. त्याचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ स्वतः मात्र रग्बीच्या धसमुसळ्या मैदानावर घडले होते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ ६ नोव्हेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७० मध्ये विषमज्वराने आई-वडील दोघेही गेले आणि मामांनी त्यांचा सांभाळ केला. मध्येच शाळा सोडून त्यांनी जंगलात लाकूडतोडीचे काम केले. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८८७ मध्ये पदवी घेतली व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. भावी धर्मोपदेशकाने असा दांडगा खेळ खेळावा, हे सहाध्यायांना रुचत नसे. नेस्मिथ यांना मात्र मैदान हेही माणूस घडवण्याचे ठिकाण वाटत होते. १८९० मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

डिसेंबर १८९१ मध्ये विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांच्यावर एक कामगिरी सोपवली. हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ चौदा दिवसांत तयार करायचा होता. नेस्मिथ यांनी प्रचलित खेळ तपासले आणि मारामारीचे मूळ शोधले. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायचे, तर त्याला पाडावेच लागते. मग त्याने धावायचेच नाही, असे ठरवले तर? गोलही त्यांनी दहा फूट उंचीवर, आडव्या तोंडाचा ठेवला. जोरकस फेकीऐवजी तेथे अलगद नेम लागतो. पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले आणि एकच गोल झाला.

पहिल्या खेळाच्या हकिकतींत थोडी तफावत आहे. १८९१ सालच्या त्या पहिल्या प्रयोगात नियम अपुरे असल्याने खेळाडू हातघाईवर आले, काहींचे डोळे सुजले आणि एकाचा खांदा निखळला, असे खुद्द नेस्मिथ यांनी १९३९ मधील नभोवाणी मुलाखतीत सांगितले होते.

जानेवारी १८९२ मध्ये तेरा नियम छापले गेले. त्यांतील पाचवा नियम या खेळाचा कणा म्हणावा लागेल. खांद्याने ढकलणे, धरणे, लोटणे, पाय अडकवणे, मारणे या सर्वांस मनाई होती. दुसऱ्या गुन्ह्याला पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. इजा करण्याचा हेतू उघड दिसला, तर संपूर्ण सामन्यासाठी, आणि तेही बदली खेळाडूविना. नेस्मिथ यांची दूरदृष्टी मात्र पंचांच्या विभागणीत अधिक दिसते. एका पंचाने केवळ चेंडू पाहायचा, तर दुसऱ्याने केवळ माणसे. धक्क्याचा निवाडा करायचा, तर चेंडूवरून नजर हटवावी लागते, हे त्यांनी प्रारंभीच ओळखले होते.

तरीही स्पर्श पूर्णपणे टळला नाही. मर्यादित जागेत दहा खेळाडू वावरताना तो टळणे शक्यही नव्हते. त्यामुळे आजचे नियम प्रत्येक स्पर्शाला फाउल मानत नाहीत. जागा कोणी आधी, नियमाला धरून घेतली आणि धक्क्याने कोणाला गैरफायदा मिळाला, हे पंच पाहतात. खेळाडूने व्यापलेली जागा व तिच्यावरील सरळ उभा अवकाश त्याचा असतो. त्यामुळे जागेवर सरळ उडी घेणाऱ्या बचावपटूवर चाल करणारा आदळला, तर बचावपटू दोषी ठरत नाही.

स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणला. नेस्मिथ यांनी १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली आणि त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. तेथे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा ते उपस्थित होते. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. तेरा नियमांचे मूळ टंकलिखित २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरना विकले गेले.