मतदारयादीतील एका नावासाठी : फॅनी लू हेमर

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ६ ऑक्टोबर १९१७ रोजी एका वाटेकरी शेतमजूर कुटुंबात फॅनी लू टाउनसेंड यांचा जन्म झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. कायद्याने गुलामगिरी संपून अर्धशतक उलटले होते. तरी मळे गोऱ्यांचे आणि घाम काळ्यांचा, ही रीत कायम होती. सहाव्या वर्षी त्या कापूस वेचू लागल्या. शाळा लवकरच सुटली. पेरी हेमर यांच्याशी विवाह झाल्यावर रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर त्या मजुरांच्या हजेरीची व कापसाच्या वजनाची नोंद ठेवीत. थोडेफार लिहितावाचता येते, एवढीच त्यांची पुंजी.

काळ्या पुरुषांना मताचा अधिकार १८७० च्या घटनादुरुस्तीनेच मिळाला होता, स्त्रियांना १९२० साली. पण १८९० मध्ये मिसिसिपीने आपली घटना नव्याने लिहिली आणि मतदार होण्याच्या वाटेवर मतकर व घटनेच्या आकलनाची परीक्षा असे दोन अडसर घातले. भाषेत वर्णाचा उल्लेखही नव्हता. आपल्याकडेही ब्रिटिश अमदानीत मत हे मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांना बांधलेले होते. त्यामुळे ही युक्ती आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी वाटू नये.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिलच्या चर्चमध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांची सभा झाली. आपल्यालाही मत देता येते, हे चव्वेचाळीस वर्षांच्या हेमरबाईंना तेथे प्रथम कळले. ३१ ऑगस्ट रोजी सतरा सोबत्यांसह त्या बसने इंडियानोला या जिल्ह्याच्या गावी गेल्या. नोंदणीच्या अर्जात एकवीस प्रश्न होते. त्यांत आपण कोणाकडे कामाला आहोत हेही लिहावे लागे. वरवर पाहता ही ओळखीची साधी माहिती. प्रत्यक्षात मालकाला कळवण्याची सोय. शिवाय त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने अर्जदारांची नावे वृत्तपत्रात छापली जात. मग राज्यघटनेचे एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायचा. हेमरबाईंच्या वाट्याला आलेले कलम, प्रत्यक्षात अमलात असलेले पण रीतसर संमत न झालेले कायदे, यासंबंधीचे होते. ते समजावून सांगताना वकीलही अडखळला असता. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा एकटा नोंदणी अधिकारी. त्या नापास झाल्या.

परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा पिवळा रंग शाळेच्या बसशी फार मिळताजुळता आहे, असे म्हणून चालकाला दंड केला. घरी पोहोचताच मळेवाल्याने अर्ज मागे घ्या, नाही तर मळा सोडा, असे बजावले. त्याच रात्री त्यांनी मळा सोडला. काही दिवसांनी त्या ज्या घरी आश्रयाला होत्या त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबरात दुसरा प्रयत्न, जानेवारी १९६३ मध्ये तिसरा. या वेळी त्या उत्तीर्ण झाल्या.

नाव यादीत आले, तरी मत मिळाले नाही. मतदानाच्या वेळी मतकर भरल्याच्या दोन वर्षांच्या पावत्या हव्यात, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांना नोंदणीच नाकारली गेली होती, त्यांच्याजवळ मागच्या वर्षांच्या पावत्या असणार कोठून? अशा कागदी अडवणुकीला कोणाचे नाव देता येत नाही, म्हणून तिच्याशी लढणे अधिक अवघड.

जून १९६३ मध्ये एका प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथे त्यांना अटक झाली. तुरुंगात इतर कैद्यांना त्यांना मारण्यास भाग पाडण्यात आले. मूत्रपिंडाची व डोळ्याची इजा जन्मभर राहिली. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांनी ही हकीकत पक्षाच्या समितीपुढे मांडली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऐन वेळी पत्रकार परिषद बोलावून प्रक्षेपणाचे लक्ष वळवले. पण रात्री दूरचित्रवाणीने तीच साक्ष देशभर दाखवली. तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा हेमरबाईंच्या पक्षाने नाकारल्या.

१९६५ चा मताधिकार कायदा झाला. तरीही सनफ्लॉवर जिल्ह्यात नव्याने नोंदवलेल्या काळ्या मतदारांना नोंदणीची मुदत उलटली या सबबीवर नगर निवडणुकीत मत देता आले नव्हते. हेमरबाई न्यायालयात गेल्या. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि सनफ्लॉवर गावात पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक झाली. काळे उमेदवार त्यात हरले, हेही सांगितले पाहिजे.

गरिबांसाठी सहकारी शेती उभारण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. १४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. केंद्रीय निवडणुकीत, यादीत नाव सापडले नाही तरी नोंदणीचा दावा करणाऱ्याला तात्पुरती मतपत्रिका द्यावी आणि पडताळणीनंतर ती मोजावी, असा देशव्यापी नियम अमेरिकेत २००२ साली आला. मताधिकार कायद्याची मुदत २००६ मध्ये वाढवली गेली, तेव्हा त्या विधेयकाला दिलेल्या नावांत फॅनी लू हेमर हे पहिले होते.