विषयांची भाषा घडविणारे रायपूरकर : पंडित माधवराव सप्रे

रायपूरच्या मराठी समाजाने मध्य भारताच्या सार्वजनिक जीवनाला जी कर्तृत्ववान माणसे दिली, त्यांत पंडित माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी आहे. पत्रकार, निबंधकार, देशभक्त आणि हिंदीतील आरंभीचे कथाकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु एका शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात त्यांचे स्मरण करावयाचे ते आणखीही एका कारणासाठी. प्रत्येक विषयाला स्वतःची भाषा असते आणि ती भाषा अवगत झाल्यावाचून तो विषय विद्यार्थ्याच्या पदरी पडत नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या कार्यातून दाखवून दिले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. प्राथमिक शिक्षण बिलासपूरला आणि माध्यमिक शिक्षण रायपूरला झाले. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे यांच्यासारखे साहित्यप्रेमी शिक्षक त्यांना लाभले आणि हिंदी वाङ्मयाची गोडी तेथेच लागली. पुढे त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी संपादन केली. घरी मराठी, अवतीभवती हिंदी व छत्तीसगढी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा भाषांच्या संगमावर त्यांची बुद्धी घडली. एका भाषेत समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगताना काय निसटते आणि काय नव्याने गवसते, याचा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेतच आला असला पाहिजे.

पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळावी असा तो काळ होता. माधवरावांनी मात्र ती वाट नाकारली. पेंड्रा येथील राजकुमारांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले आणि तेथूनच जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर आणि प्रकाशनाच्या बाजूने वामन बळीराम लाखे हे त्यांचे सहकारी होते. तिघेही मराठी भाषक होते, पण ज्या प्रदेशाचे अन्न खाल्ले त्या प्रदेशात विद्येचा प्रसार त्याच प्रदेशाच्या भाषेतून व्हावा, अशी त्यांची धारणा होती. मासिकात ग्रंथांची साक्षेपी परीक्षणे येत. चांगले पुस्तक का चांगले आणि सदोष पुस्तक कोठे सदोष, हे वाचकाला समजावून दिले जाई. वाचनाची ही शिस्त तेव्हाच्या हिंदी मासिकांत नवी होती. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची प्रसिद्ध कथाही १९०१ मध्ये याच मासिकात आली. आर्थिक ओढाताणीमुळे १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले, तरी माधवरावांचे काम थांबले नाही.

याच सुमारास काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीतील शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला होता. श्यामसुंदर दास यांच्या संपादनाखाली तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. भूगोल, खगोल, गणित, रसायन, भौतिकी, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात विषय त्यात होते. त्यांपैकी अर्थशास्त्राचा भार माधवरावांवर होता. हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हे. बाजारात मूल्य आणि किंमत हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. अर्थशास्त्राला त्यांत भेद करावा लागतो. व्यवहारात संपत्ती म्हणजे पैसा आणि दागदागिने. शास्त्रात तिची व्याप्ती त्याहून मोठी. ओळखीच्या शब्दाला नवा, नेमका अर्थ द्यायचा आणि तरीही तो वाचकाला परका वाटू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी कसरत होती. मराठीत लोकहितवादींसारख्यांनी अर्थशास्त्रावरील लेखन माधवरावांच्या जन्मापूर्वीच सुरू केले होते, त्यामुळे मायबोलीची पुंजी त्यांच्या हाताशी होती.

अर्थशास्त्रावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता. तो त्यांच्या मनास उतरला नाही, म्हणून त्यांनी छापला नाही. महावीरप्रसाद द्विवेदी याच विषयावर लिहीत आहेत असे कळताच त्यांनी आपले हस्तलिखित त्यांच्या स्वाधीन केले. द्विवेदींचे ‘संपत्तिशास्त्र’ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपले नाव व्हावे यापेक्षा विषय लोकांपर्यंत पोहोचावा, ही खऱ्या शिक्षकाची वृत्ती त्यांच्या ठायी होती.

१९०७ मध्ये त्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी क्षमापत्र दिले व ते सुटले. पण ती गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. पश्चात्तापाच्या त्या काळात रामदासी साधक श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात त्यांनी मधुकरी मागून व्रतस्थ जीवन पत्करले आणि ‘दासबोधा’चे पुनःपुन्हा पारायण केले. त्यातूनच त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद साकारला. अक्षर कसे घोटावे, ओळी कशा सरळ असाव्यात, लेखन कसे शुद्ध असावे, यावर समर्थांनी ‘दासबोधा’त एक संपूर्ण समास लिहिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथातही लेखनकला बाजूस ठेवलेली नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामण विनायक वैद्य यांचा महाभारतावरील ग्रंथ हेही माधवरावांनी हिंदीत आणले.

१९१२ मध्ये त्यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली. मुलींच्या शिक्षणाची वाट अरुंद असलेल्या काळात हे पाऊल धैर्याचे होते. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथेच त्यांचे निधन झाले.

माधवरावांच्या या उद्योगाचे मोल आज अध्यापक होऊ पाहणाऱ्या तरुणांना विशेष जाणवावे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ मध्ये दोन वर्षांच्या बी. एड. अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात सर्व विषयांतून भाषा कशी शिकवावी यासाठी स्वतंत्र पाठ्यक्रम आहे. भाषा ही केवळ भाषाशिक्षकाची जबाबदारी नव्हे, हे त्यामागील सूत्र. विज्ञानाच्या तासाला मूळ म्हणजे जमिनीखाली वाढणारा वनस्पतीचा भाग, गणिताच्या तासाला वर्गमूळ, इतिहासाच्या तासाला मूळ साधने. आणि हे तिन्ही तास एकाच दिवशी, एकाच मुलाला. अशा मुलाला उदाहरण सोडविता आले नाही, तर अडचण गणिताची आहे की वाचनाची, हे गणिताच्या शिक्षकाला ओळखता आले पाहिजे.

रायपूरच्या मराठी शाळेत ही गरज अधिकच तीव्र आहे. येथील मूल घरून मराठी आणते, रस्त्यावर छत्तीसगढी ऐकते, बाजारात हिंदी बोलते आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजीकडे वळते. त्याच्या ओठांवरचे शब्द चुकीचे ठरवून पुसून टाकण्याऐवजी त्यांच्या आधारे शास्त्राचा शब्द समजावणे, हीच माधवरावांची रीत होती. धडा सुरू करण्यापूर्वी त्यातील चार कठीण शब्द कोणते आणि ते मुलांच्या कोणत्या शब्दांशी जोडता येतील, एवढा विचार प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आदल्या दिवशी केला, तरी माधवरावांनी आरंभिलेले काम पुढे जाईल.