पंडिता रमाबाई आणि रात्रीचे भय

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? त्यांची विद्वत्ता, केडगावचे मुक्तिसदन, मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून त्यांनी साध्या मराठीत केलेले बायबलाचे भाषांतर, ह्यांविषयी आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे. परंतु ह्याच धैर्यशील बाईस एके काळी रात्री खोलीत एकटीने निजवत नसे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती आज वाचकांस सांगावी असे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न गृहस्थ. त्यांनी पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले, आणि सर्व कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दुष्काळाने गाठले. १८७४ साली वडील उपासमारीने खंगून वारले. थोड्याच काळाने आईही गेली. आईचे प्रेत नेण्यास चौघे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. उंची कमी पडली म्हणून तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर बहीणही दगावली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलमेच्या काठी थंडीने प्राण जाऊ लागला, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८८० साली भाऊ गेला व १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. मांडीवर मनोरमा ही लहानगी मुलगी राहिली.

इतके सोसूनही बाई खचल्या नाहीत. वैद्यकी शिकावी ह्या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेज येथे गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परमुलखात आनंदीबाईंच्या मनाने अशी धास्ती घेतली की, आपणां दोघींस बळाने ख्रिस्ती करतील. ती धास्ती इतकी वाढली की, बुद्धीचा तोल सुटून त्यांनी एका रात्री रमाबाईंच्या खोलीत शिरून त्यांचा गळा दाबण्याचा यत्न केला. रमाबाई वाचल्या, आनंदीबाईंनी मात्र पुढे आपल्याच जिवाचा घात करून घेतला. त्या दुःखी भगिनीस आम्ही दोष देत नाही. तिची धास्ती कोणी वेळीच ओळखली असती तर बरे झाले असते, एवढेच म्हणतो.

ह्यानंतर रमाबाई ऑक्सफर्ड येथे पंडित मॅक्स म्युलर ह्यांच्या घरी राहावयास गेल्या. म्युलरसाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, बाईंची अवस्था पाहवत नव्हती, आणि रोज रात्री त्यांच्या खोलीत एक मोलकरीण निजावयास ठेवावी लागे. वाचकहो, ह्याचा विचार करा. जिने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, जी वाळूच्या खड्ड्यात निजली, तीच बाई आता मऊ बिछान्यावर, बंद दाराआड, भयाने व्याकूळ होती. मारणारा हात राहिला नव्हता, पण मन अजून त्याच रात्रीत होते. म्युलरांच्या घरच्यांनी त्यांस धीट होण्याचा उपदेश करून एकटे निजविले नाही, सोबत दिली. रमाबाईंनीही ती सोबत स्वीकारली.

ह्याच सुमारास त्यांचे कान अधू झाले आणि वैद्यकीची आशा सोडावी लागली. तरी त्या पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात स्वतः शिकल्या व तेथे संस्कृत शिकविले. १८८९ साली मुंबईस त्यांनी शारदासदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा सोडवून आणल्या. कोणी हाडांचा सापळा झालेली, कोणी अंगभर व्रणांनी गांजलेली, कोणी दुष्टांच्या हाती सापडून भेदरलेली. १९०० च्या सुमारास केडगावी अशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांस अन्न, औषध, शाळा, विणकाम, शिवण व छापखान्याचे काम मिळाले, आणि निजावयास सोबतिणी मिळाल्या. भुकेची वेदना बाईंस ठाऊक होती, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. भेदरलेल्या मनाची ओळखही त्यांस ऑक्सफर्डच्या त्या रात्रींनी दिली असावी, असे आम्हांस वाटते. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या व १९२२ च्या एप्रिलात रमाबाईंनी देह ठेविला.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. होडी उलटून वाचलेला रापणकर महिनोन्महिने पाण्याकडे पाहू शकत नाही. फुरसे डसून बरा झालेला गडी वाळक्या पानांची सळसळ ऐकून थरथरतो. जबर दुखण्यातून उठलेल्या बाईची छाती रात्री विनाकारण धडधडते. जखम भरली म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि हे कष्ट दिसले की एक म्हणतो बाहेरची बाधा, गाऱ्हाणे घाला. दुसरा म्हणतो विश्वास उणा. दोघेही चुकतात. जबर इजा झाली म्हणजे शरीर सावध राहण्यास शिकते, आणि संकट टळल्यावरही ती सवय लगेच सुटत नाही. हे आज डॉक्टरही सांगतात, व त्यावर उपचार आहेत.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला असता देवदूताने त्यास प्रथम भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. देवाचे बोलणे मागाहून झाले. म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा घरी जाल तेव्हा प्रार्थना अवश्य करा, पण लवकर उठू नका. तो एकच गोष्ट दहादा सांगेल, ती दहादा ऐका. रात्री सोबतीस कोण निजेल ते ठरवून मग निघा. झोप व जेवण तुटले असेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या कोणास रात्र मोठी वाटते, त्याने सोबत मागण्यास लाजू नये. पंडिता रमाबाई लाजल्या नाहीत.