दुकानातलं सगळ्यात स्वस्त वाद्य म्हणून ड्रम घेतला, आणि त्याच पोरानं ड्रमरला स्टेजवर पुढे आणलं

कुठल्याही लाईव्ह शोमध्ये एक क्षण ठरलेला असतो. गिटार थांबते, गाणारा बाजूला होतो, लाईट ड्रमरवर येतो आणि पब्लिक वेडं होतं.

शंभर वर्षांपूर्वी मात्र ड्रमरचं काम एवढंच होतं, मागे बसायचं आणि ताल धरायचा. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये मोठं नाव म्हणजे जीन क्रुपा.

१५ जानेवारी १९०९ रोजी शिकागोतल्या एका पोलिश वंशाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो शेंडेफळ. अकरा-बारा वर्षांचा असताना तो वाद्यांच्या दुकानात पडेल ते काम करायचा. तिथं वाद्य घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ड्रम निवडला. कारण साधं होतं, तोच सगळ्यात स्वस्त होता.

पोरानं पाद्री व्हावं अशी आईची इच्छा होती. त्यासाठी तो इंडियानातल्या सेंट जोसेफ कॉलेजात गेलाही. पण तिथं संगीत शिकवणाऱ्या फादर रॅप यांनी त्याची संगीताची गोडी आणखी वाढवली. वर्षभरात गडी शिकागोला परत आला आणि बँडमध्ये वाजवू लागला.

त्याचं खरं शिक्षण दोन ठिकाणी झालं. काठ्या कशा धरायच्या, हात कसा फिरवायचा हे त्यानं शिक्षकांकडून घेतलं. आणि रात्री तो शिकागोच्या क्लबमध्ये जाऊन बेबी डॉड्स, झटी सिंगलटन या न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या कृष्णवर्णीय ड्रमर्सना ऐकायचा. ड्रमच्या प्रत्येक भागाला स्वतःचा आवाज असतो, हे त्याला तिथं कळलं.

आता एक अडचण समजून घ्या. तेव्हा ड्रमवर वासराचं चामडं असायचं. पावसात ढोलाचं पान सैल पडतं, तसंच याचं व्हायचं. दमट हवेत चामडं ढिलं, कोरड्या हवेत ताठ. ते कोरडं राहावं म्हणून काही ड्रमच्या आत चक्क बल्ब लावलेले असायचे. त्यात टॉम-टॉम ड्रमचं चामडं खिळ्यांनी ठोकलेलं, म्हणजे सुरात लावायची सोयच नाही.

१९३० च्या दशकात क्रुपानं स्लिंगरलँड कंपनीसोबत यावर काम केलं. वरचं आणि खालचं, दोन्ही चामडी स्क्रूनं कमी-जास्त ताणता येतील असे टॉम-टॉम बाजारात आले. आजही ड्रम शिकणाऱ्याला समोरासमोरचे स्क्रू किल्लीनं थोडे थोडे आवळत आवाज जुळवायला शिकावंच लागतं.

१९३४ च्या शेवटी तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला. 'सिंग सिंग सिंग'मधल्या त्याच्या टॉम-टॉमनं लोक खुळावले. १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते वाजलं, आणि काही आठवड्यांतच त्यानं स्वतःचा बँड काढायचं ठरवलं.

मग १९४३ आलं. सॅन फ्रान्सिस्कोत गांजाच्या प्रकरणात त्याला अटक झाली. जवळपास तीन महिने तुरुंगात गेले, बँड फुटला. मोठा आरोप पुढे टिकला नाही, पण नावाला डाग लागला तो लागलाच. आता लोक स्वीकारतील का, याची त्याला धास्ती होती. तरी तो आधी गुडमनच्या आणि नंतर टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये वाजवायला बसला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि १९४४ मध्ये त्यानं पुन्हा स्वतःचा बँड उभा केला.

१९५४ मध्ये कोझी कोल या ड्रमरसोबत त्यानं न्यूयॉर्कमध्ये ड्रम शिकवणारी शाळा काढली. १९६० मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढे रक्ताचा कॅन्सर झाला. तरीही १९७३ च्या उन्हाळ्यात तो गुडमनसोबत स्टेजवर होता. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, वयाच्या ६४ व्या वर्षी तो गेला.

स्वस्त म्हणून घेतलेलं ते वाद्य त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.